जवाबाला उभी राहिलेली माय

माझी माय कोणाचंही ऐकून घेत नाही, आणि एके काळी तिला त्यासाठीच गावोगावहून बोलावणी येत.

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. मंडईला पूर्वी दुय्यम कव्वाली लागायचीच. मांडवात एका बाजूला पुरुषाची पार्टी, समोर बाईची. दोघांकडे हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि मागे ओळ उचलणारा कोरस. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उभं राहून जवाब द्यायचा. सुरुवात देवाच्या गाण्यानं व्हायची आणि थोड्याच वेळात दोघं एकमेकांच्या आईबापावर उतरायचे. लोक घरून सतरंजी आणून बसायचे ते त्याच्यासाठीच. माय बाईची पार्टी चालवायची. मी लग्न होईपर्यंत तिच्या कोरसमध्ये होते.

या खेळाचा एक नियम होता. समोरच्यानं केलेला आरोप नाकारायचा नाही. 'मी तशी नाही' म्हटलं की हरली. आरोप पदरात घ्यायचा आणि त्याहून मोठा करून त्याच्याच अंगावर टाकायचा. नवेगाव बांधच्या मंडईत एका शाहिरानं मायला गाण्यातून 'नवऱ्यानं टाकलेली' म्हटलं. माझे बाबा पहिल्याच रांगेत खर्रा चघळत बसले होते. माय त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळी झाली असती. तिनं तसं केलं नाही. 'हो, टाकली मला नवऱ्यानं,' तिनं गाऊन सांगितलं, 'पण ज्या बाईच्या नादानं टाकली, ती तुझीच बायको. घरी जाऊन पाहा, दाराला आतून कडी असेल.' मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. त्या शाहिराच्या घरी पुढे महिनाभर धड चूल पेटली नाही म्हणतात. आणि माझ्या बाबांकडे, ज्यांनी कधी मान वर करून परक्या बाईकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे गावच्या बाया ते जाईपर्यंत वेगळ्याच नजरेनं बघत. बाबा एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, लोकांना सांग ना खरं काय ते. माय म्हणाली, "टाकलेला शब्द मी वापस घेत नाई."

पुढे मंडईत डीजे आले. मायची पार्टी फुटली आणि समोरून सवाल येणं बंद झालं. तिची सगळी धार मग घरात आली. मी नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आले तेव्हा तिनं दारातच माझ्यावर चार कडवी केली. आता मी इथेच, गोंदियाजवळच्या गोरेगावात, ब्लाऊज शिवते, ती घरात बसते आणि आम्ही एकमेकींना बोलून दिवस काढतो. आमचं बरं चाललं आहे.

वाईट चाललं होतं ते माझ्या भावाचं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा. मायनं मंडया करून त्याला नागपूरला शिकवलं, तिथेच त्याला नोकरी लागली आणि त्याला मायची लाज वाटायला लागली. घरी 'माय' म्हणणारा पोरगा फोनवर लोकांसमोर 'आई' म्हणू लागला. त्याचं लग्न ठरत आलं तेव्हा मुलीकडच्यांना त्यानं सांगितलं होतं की आई भजनं गायची. मला फोन करून म्हणाला, "ताई, तू पण तेच सांग. आणि मायला म्हणावं, कमी बोल."

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "भजन? मी?" आणि कपाटातून तिनं पोपटी साडी काढली, मोठ्या जरीची, स्टेजवर नेसायची ती.

मुलीला गाणं ऐकत जेवायची आवड होती, म्हणून दोन्ही घरांची ओळख नागपूरच्या त्या रस्त्यावर ठरली जिथे ओळीनं हॉटेलं आहेत आणि प्रत्येकात कोणी ना कोणी स्टेजवर गात असतं. आम्ही रेल्वेनं गेलो, भावानं स्टेशनवरून घेतलं. दिवेलागण नुकतीच झाली होती. पोरापोरींची झुंबड, दारादारात काळे टी-शर्ट घातलेले आडदांड गडी, वरच्या मजल्यांवरून ढोल आणि गिटार एकमेकांत मिसळून खाली येत होते. माय रस्त्याच्या मधोमध थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

"येवढ्या पार्ट्या एका रस्त्यावर," ती मला म्हणाली, "अन् लढून कोनीच नाई राहिलं?"

"इथं लढत नाहीत, माय," भाऊ म्हणाला. "इथं फक्त ऐकतात."

आत गेल्यावर दिसलं की ऐकतही नव्हते. मुलगी आणि तिचे आईवडील आधीच आले होते. माणसं चांगली होती, वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई हसतमुख. नमस्कार झाले. बाकी टेबलांवर लोक मोठमोठ्यानं बोलत होते, हाडं चघळत होते, मोबाईलमध्ये बघत होते, आणि स्टेजवर केसांचा अंबाडा घातलेला एक दाढीवाला पोरगा डोळे मिटून जिवाच्या आकांतानं गात होता. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मायला त्या पोराची दया आली असावी. तिनं जेवण थांबवलं आणि सगळ्या हॉटेलात ती एकटी त्याच्याकडे टक लावून बसली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा समोर हीच. गाणं संपवून तो माईकवर म्हणाला, "आज हमारे बीच एक दादी भी आयी हैं! दादी, नींद तो नहीं आ रही? आपके लिए लोरी गा दूं?"

लोक हसले. मुलीचे वडीलही हसले, अगदी प्रेमानं. मला हसू आलं नाही, कारण मंडईत पुरुषाची पार्टी हुबेहूब अशीच सुरुवात करायची. समोरच्या बाईला म्हातारी म्हणायचं, झोप येते का विचारायचं. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, पण त्यानं सवाल टाकला होता.

मायनं चमचा ठेवला, पदराला हात पुसले आणि एक हात कानाशी नेऊन उभी राहिली.

"केस बांधले पोरीवानी, दाढी ठेवली बोकडाची,
आधी ठरव रे कोन तू, मंग हिंमत कर मुकाबल्याची!"

साठी ओलांडलेल्या बाईचा आवाज, माईक नाही, काही नाही, आणि पार मागच्या टेबलापर्यंत गेला. सगळ्या माना वळल्या. मग टाळ्या, शिट्ट्या, मोबाईल वर. दुसऱ्या कडव्यात तिनं त्याच्या गिटारीचं पोकळ पोट काढलं, तिसऱ्यात त्याचा बाप. मी सवयीनं ओळ उचलली तर भावानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, बुटाचा. मला काही वाटलं नाही. इतक्या वर्षांनी मायच्या गळ्याच्या शिरा तशा फुगलेल्या मी पाहत होते आणि मला फार आनंद होत होता.

"वाह दादी! जोरदार तालियां!" म्हणून त्या पोरानं पुढचं गाणं सुरू केलं.

माय बसली नाही. जवाब झाल्यावर समोरच्याचा उलटा जवाब येईपर्यंत बसायचं नसतं. ती तशीच उभी. लोकांच्या टाळ्या संपल्या, मोबाईल खाली गेले, पुन्हा हाडं चघळणं सुरू झालं. मागून कोणी तरी म्हणालं, "आंटी, बैठिये ना, दिख नहीं रहा."

"बस ना, आई," भाऊ दातओठ खाऊन म्हणाला.

"जवाब नाई आला अजून," माय म्हणाली.

मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू आता अवघडलं होतं. भाऊ त्यांच्याकडे वाकला. नेमकं तेव्हाच गाणं संपलं, म्हणून त्याचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "सॉरी काका. बाबा गेल्यापासून आईच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय. गोळ्या चालू आहेत. कधी कधी असं होतं."

माय गोळ्या घेते त्या रक्तदाबाच्या. पण मुलीच्या वडिलांनी 'अरेरे' केलं. मुलीच्या आईनं उठून मायला दंडाला धरून हळूच खाली बसवलं, आणि माय बसली. जन्मात पहिल्यांदा मी तिला जवाब न देता बसलेली पाहिली. मला भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तो मात्र सुटल्यासारखा दिसत होता. पनीर वाढून घेतलं त्यानं.

आता सगळे मायशी प्रेमानं वागू लागले. मुलीनं तिला पोळीचे तुकडे करून दिले. तिच्या आईनं मायचा हात हातात घेतला आणि लहान पोराला विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बरं, वाटतंय, ना, आता?"

मुरलेला शाहीर लगेच जवाब देत नाही, आधी ढोलक वाजू देतो. हे मी विसरले होते. माय सावकाश घोट घोट पाणी प्यायली.

"बरोबर सांगतलन पोट्ट्यानं तुमाले," ती म्हणाली. न गाता, गोड आवाजात. "वेडीच आहो मी. शहानी असती त मंडईत मांडवाच्या मांगं कोनी टाकून गेलेला पोट्टा पदरात घालून घरी आनला असता का? गावच्या साऱ्या बाया पाहून गेल्या, कोनी हात नाई लावला. मीच वेडी. अजून त्याले सांगतलं बी नाई."

हे धादांत खोटं होतं. माझा भाऊ आमच्या घरी, आमच्या पडवीत जन्मला. सुईण आत होती, माय कळा देता देताही तिला शिव्या घालत होती, आणि मी चुलीवर पाणी तापवत होते. पण तिथे हे मला आणि मायलाच ठाऊक होतं.

भावाच्या हातातला घास तसाच राहिला. "माय! काय बोलतेस तू हे?" तो ओरडला. भीतीनं का होईना, त्या लोकांसमोर तो तिला पहिल्यांदा माय म्हणाला. मुलगी त्याच्याकडे पाहत होती, त्याच्या नाकाकडे, कपाळाकडे, आणि मग मायच्या. आम्ही उठलो तेव्हा कोणी गोड खाल्लं नव्हतं.

परतताना गाडीत मी विचारलं, "माय, काऊन असं बोलली?"

"सवाल त्यानं टाकला," ती म्हणाली आणि गोंदिया येईपर्यंत झोपली.

त्यानंतर भावाचे फोन सुरू झाले. मायला नाही, मला. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं नव्हतं. माणसं चांगली होती हेच त्याला नडलं. ते म्हणाले होते, कुठे का जन्मला असेना, आम्हाला फरक पडत नाही, फक्त खरं काय ते कळू दे. यानं सांगितलं की आई आजारी आहे, काहीही बोलते. तर मुलगी म्हणाली, ती खोटं बोलत होती असं तिच्या तोंडाकडे पाहून वाटलं नाही मला. भाऊ फोनवर आवाज खाली करून विचारायचा, "ताई, खोटं आहे ना ते?" मी म्हणायचे, "मायला विचार." मला सुख वाटायचं ते म्हणताना. लपवत नाही.

शेवटी एका सकाळी तो गोरेगावच्या बसस्टँडवर उतरून घरी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. माय पडवीत सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. त्यानं चपलाही काढल्या नाहीत.

"माय, खरं सांग. मी तुहाच आहो ना?"

मायनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तूच त सांगतला लोकाइले, मी वेडी आहो म्हनून."

"चुकलं माझं. म्हणजे, तेव्हा तोंडातून निघून गेलं."

"मंग वेडीले कायले विचारून राहिला? वेडी असीन त खोटं बोलली असीन, मंग तू माहा. शहानी असीन त खरं बोलली असीन. काय ते तू ठरव. अन् जे ठरवशीन ते तिकडं, त्याच लोकाइले, उभा राहून सांग."

ती वेडी नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिनं मंडईत जागून भरलेल्या फीवर तो शिकला होता. आता तिचा पोरगा व्हायचं तर त्याला आयुष्यभर तिला वेडीच म्हणावं लागणार होतं, आणि शहाणी म्हणायचं तर तिचा राहता येत नव्हतं. मला वाटलं, आता मायला दया येईल. ती डाळ निवडत राहिली.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तू मोठी होतीस तेव्हा. तुला सगळं आठवत असेल. तू तरी सांग."

मी मशीनवर होते, दाराशी. माय माझ्याकडे बघत नव्हती. स्टेजवरही ती कधी मागे वळून बघायची नाही. ओळ मागून येणार, हे तिला ठाऊक असायचं.

"तूच ठरव," मी म्हटलं.

तो वळला आणि बसस्टँडकडे चालू लागला. पाणीसुद्धा मागितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जिथे तो उभा होता, तिथेच तो जन्मला होता, माझ्या डोळ्यांदेखत. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.