गोठ्याच्या खांबावरची खूण

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं उभं आहे. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून कोणाचं नाव घेत नाही. गावाचं नाही आणि ठाण्याचंही नाही. पांढरकवड्याहून झरी जामणीकडे जाताना आत वळावं लागतं असं ते गाव, एवढं पुरे.

तिथल्या एका शेतकरी घरातला धाकटा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. तिशीही गाठली नव्हती त्याने. आधी हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचा. मग त्याला आवाज ऐकू येऊ लागले, कोणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं वाटू लागलं. औषधं चालू होती तोवर ठीक होता, कापूस वेचायलाही जायचा. बरं वाटायला लागलं तशी त्याने औषधं बंद केली. त्या सकाळी तो कुऱ्हाड घेऊन गोठ्यात शिरला आणि कोणाला जवळ येऊ देईना. मोठ्या भावाने आईला शेजारच्या घरी नेऊन बसवलं आणि एकशे बारा नंबरला फोन लावला. एक तरुण उपनिरीक्षक आणि एक मुरलेला हवालदार, असे दोघे आले. थोड्याच वेळात गल्लीतल्या लोकांनी दोन गोळ्यांचा आवाज ऐकला. हवालदाराच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव होता. मुलगा जागीच गेला होता.

पोलीस गोळीबारात माणूस दगावला की तपास त्याच ठाण्याकडे ठेवत नाहीत. तो आमच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आला. मी तेव्हा निरीक्षक होतो. दंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी चालू होती.

मी पोहोचलो तोवर सगळा तालुका दुभंगला होता. एका मोर्चाची मागणी होती, उपनिरीक्षकावर खुनाचा गुन्हा दाखल करा. दुसऱ्या मोर्चाला त्याचा सत्कार हवा होता. साध्या कपड्यात चहा प्यायला थांबलो, तर टपरीवरही तेच.

"बिमार माणसाले गोळी घालतात काय? पायावर मारता येत नव्हती?"

"तुह्या डोक्यावर कुऱ्हाड आली असती तं तू पाय शोधत बसला असता काय?"

मोबाईलवर तर खटला चालून निकालही लागून गेला होता. राग दोन्हीकडे खरा होता. माहिती मात्र कोणाकडेच नव्हती.

मी जबाब वाचले. उपनिरीक्षकाचा जबाब असा: मुलाने हवालदारावर एक घाव घातला, दुसऱ्यासाठी कुऱ्हाड उगारली, तो थांबेना म्हणून लागोपाठ दोन गोळ्या झाडल्या. हवालदाराचा जबाबही तोच, आणि शब्दही तेच. इथे मला खटकलं. खरं सांगणारी दोन माणसं कधी एकसारखं सांगत नाहीत. एकाला आवाज लक्षात राहतो, दुसऱ्याला भलतंच काहीतरी. घटनास्थळाच्या पंचनाम्यात कुऱ्हाड मृतदेहाच्या उजव्या हाताजवळ पडलेली दाखवली होती. शवविच्छेदन अहवालानुसार एक गोळी मांडीत लागली होती, दुसरी छातीत.

मोठा भाऊ उलटंच सांगत होता. "माह्या भावाच्या हातात काहीच नव्हतं."

"मग हवालदाराचा खांदा कसा फाटला?"

"पडले असतीन ते."

"कुऱ्हाड कुठे होती?"

"मले नाही माहीत. हातात काहीच नव्हतं." त्याचंही तेच एक वाक्य, पाठ केल्यासारखं. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, गोठ्याकडेही बघत नव्हता. ओसरीवर कापसाचा ढीग तसाच पडून होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

दोन्ही बाजू काहीतरी लपवताहेत एवढं कळत होतं. काय लपवताहेत ते कळत नव्हतं.

मी पांढरकवड्याच्या विश्रामगृहात उतरलो होतो. बाजाराच्या दिवशी मुलाची आई तिथे आली. गावच्या बायकांबरोबर बाजाराला म्हणून निघाली होती. खुर्ची दिली तर बसेना. म्हणाली, "साहेब, आमच्या गोठ्याचा खांब पाहून घ्या."

"कोणता?"

"गव्हाणीजवळचा. तो लिंपला हाय. आमच्याकडं भिंती लिंपतात, खांब कोणी लिंपत नाही."

"कोणी लिंपला?"

"माह्या मोठ्या पोरानं."

मी तिला स्पष्ट विचारलं, "मावशी, हे त्याच्याविरुद्ध जाऊ शकतं. ठाऊक आहे ना?"

"त्याच्याविरुद्ध कायले सांगू? त्याच्यासाठीच सांगून राह्यली. जेवत नाही, निजत नाही, एकटाच बसून राह्यते. एक पोरगा डोक्यानं गेला. हा बी त्याच वाटेनं चालला."

दुसऱ्या दिवशी पंच आणि न्यायवैद्यक पथक घेऊन गोठ्यात गेलो. सागवानी खांबावर शेणमातीचा ताजा थर होता. तो पाण्याने हळूहळू काढला. खाली कुऱ्हाडीचा घाव निघाला. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, आणि इतका खोल की जप्त केलेलं पातं त्यात धरून पाहिलं तेव्हा अर्धंअधिक आत गेलं. अशी रुतलेली कुऱ्हाड एका झटक्यात निघत नाही. मांडीत गोळी लागलेल्या माणसाकडून तर नाहीच.

भाऊ दारात उभा होता. घाव उघडा पडला तसा तो खाली बसला.

"पोलीस गेल्यावर मीच लिंपलं, साहेब. लोक म्हणले असते, हाच मारायले धावला तं मेला. त्याले दवाखान्यात न्यायसाठी मी फोन केलता. मारायसाठी नाही केलता."

मग त्या सकाळी गोठ्याच्या दारातून पाहिलेलं सगळं त्याने सांगितलं. पहिला घाव हवालदाराच्या खांद्याला घासून गेला आणि हवालदार खांबापाशी कोसळला. मुलाने पुन्हा कुऱ्हाड उगारली, तेव्हा पहिली गोळी सुटली. मांडीत गोळी बसल्याने त्याचा तोल गेला आणि घाव हवालदाराच्या डोक्यावर न पडता खांबात बसला. त्याने कुऱ्हाड ओढून पाहिली, निघाली नाही. ती सोडून तो उपनिरीक्षकाकडे वळला.

"हातात काही होतं?"

"काहीच नव्हतं. तेवढं म्या खोटं नाही सांगतलं." नंतर दुसरी गोळी. त्यापुढे त्याने डोळे झाकून घेतले होते.

म्हणजे एकाच खुणेची दोघांनाही धास्ती होती. भावाला वाटलं, ती खूण दाखवली तर धाकट्याने हल्ला केला हे सिद्ध होईल. पोलिसांनी ती पंचनाम्यात घेतलीच नव्हती; त्यांना वाटलं, दाखवली तर दुसऱ्या गोळीच्या वेळी तो निःशस्त्र होता हे सिद्ध होईल. दोघांचीही भीती खरी होती.

हवालदार घरी होता, खांद्याला टाके. मी खांबाचा फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि काही विचारलं नाही. मुरलेल्या पोलिसाला प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, त्याला आपले सगळे प्रश्न आधीच ठाऊक असतात. त्याने तो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "पहिली गोळी झाडली नसती तं आज माह्या लेकरांना बाप नसता, सर."

"ते मी मान्य करतो. दुसरी?"

"दुसरीच्या वक्ती कुऱ्हाड माह्या डोक्यावर होती, खांबात. म्याच उपसली ती. पाय लावून ओढली तेव्हा निघाली. नेऊन त्याच्या हाताजवळ ठेवली."

"उपनिरीक्षकाने सांगितलं होतं?"

"नाही जी. तो तं थरथर कापून राह्यलता. त्यानं माहा जीव वाचवला, मी त्याची नोकरी वाचवाले गेलो."

उपनिरीक्षकाला समोर बसवलं तेव्हा त्याने फार ताणलं नाही. पोरगेलासा चेहरा, दाढी वाढलेली. कुऱ्हाड हलवताना त्याने पाहिलं होतं आणि पंचनाम्यावर गुमान सही केली होती. मी त्याला एकच विचारलं, "तो वळला तेव्हा तुला काय दिसलं?"

"कुऱ्हाड दिसली, सर. शपथेवर सांगतो. रिकामे हात मला नंतर दिसले, तो पडल्यावर." मग म्हणाला, "अजूनही झोपेत तो कुऱ्हाड घेऊनच येतो."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. तसं मी अहवालात नोंदवलंही. पण माझा विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टाने पहिली गोळी बचावाच्या हक्कात धरली, दुसरी त्या हक्काबाहेर. उपनिरीक्षकाला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, हवालदाराला पुरावा बदलल्याची. न्यायाधीशांनी एक गोष्ट स्पष्ट म्हटली होती. कुऱ्हाड खांबातच राहू दिली असती, तर आपल्याला ती हातात दिसली हे त्या अधिकाऱ्याचं म्हणणं गांभीर्याने घेता आलं असतं. ज्याने ती हलवली त्याने नुसतं खोटं उभं केलं नाही, खऱ्याचाही आधार काढून घेतला.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात होतो. दोन्ही बाजूंचे लोक नाराज होऊन बाहेर पडले. कोणाला शिक्षा कमी वाटली, कोणाच्या मते ती मुळात द्यायलाच नको होती. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, मोठा मुलगा शेजारी. तिने मला हाक मारली.

"साहेब, पहिल्या गोळीनं तो मेला नसता ना?"

हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे मला माहीत होतं. टाळता आला असता. "नाही," मी म्हणालो, "डॉक्टरांच्या मते वाचला असता."

तिने मान हलवली. मोठ्या मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला म्हणाली, "ऐकलं का? तुह्या फोननं तो नाही मेला, दुसऱ्या गोळीनं मेला."

तो तिथेच, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडला, असं तिने नंतर सांगितलं.

निवृत्तीनंतर प्रशिक्षणाला आलेल्या मुलांसमोर बोलायला जातो. गोळी योग्य होती की अयोग्य, असं ते हटकून विचारतात. मी त्यांना सांगतो, लोक ज्याला एक घटना म्हणून भांडत होते त्या दोन गोळ्या होत्या, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा होता. मग एखादा धीट मुलगा विचारतो, "सर, तुम्ही तिथं असता तर?"

दुसरी गोळी माझ्या हातून सुटली नसती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भीतीपुढे माणसाचं फारसं चालत नाही. पण ती ओसरल्यावर पंचनाम्याला बसतो तेव्हा माणूस पुन्हा शुद्धीवर असतो. पोलिसाची खरी परीक्षा तिथे सुरू होते, एवढं मी त्या घरातून शिकून आलो.