आबाजींची भिंत

शाळेची भिंत कोणाची असते, सांगा बरं? सरकारची, शिक्षकांची, की तिच्यासमोर सतरंजी टाकून बसणाऱ्या गावाची?

लाखांदूरकडच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची जुनी कवेलूंच्या छपराची शाळा आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची नाटकांची जत्रा भरते, तेव्हा नाटकाचं स्टेज शाळेच्या भिंतीला टेकूनच बांधतात. भिंत हाच मागचा पडदा. तो रंगवतात माझ्या आईचे काका, म्हणजे आबाजी. एरवी धानाची शेती करतात, मंडई जवळ आली की पेंटर होतात.

गेल्या दिवाळीआधी कळलं, शाळा त्या भिंतीवर बाराखडी नि पाढ्यांचा मोठा फ्लेक्स ठोकणार. तिच्यावर तेव्हा आदल्या मंडईसाठी काढलेला आबाजींचा राजवाडा होता. निळे खांब आणि खिडकीतून दिसणारी वैनगंगा.

मी पेटले. बाबांच्या मोर्चांची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले, त्यामुळे राग आला की मी पत्रकच लिहिते. झेरॉक्स काढून घरोघरी वाटलं : ‘राजवाडा हा गावाचा वारसा आहे! त्याला हात लावाल तर खबरदार! त्यावर काच बसवा!’

संध्याकाळी आबाजी पत्रक घेऊन आमच्या अंगणात हजर.

“काय व पोरी, हे तूच लिवलं?”

“हो. तुमच्यासाठीच लढून राहिली ना मी, आबाजी.”

“माह्यासाठी? काच लावल्यावर मी रंग कुठं लावू, तुह्या डोक्यावर?”

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“यंदाच्या नाटकात जंगल पायजे. बाई जंगलात हरवते अन् मागं राजवाडा कसा चालन? दर मंडईले मी जुनं पुसतो, नवं काढतो. फ्लेक्स लावला तं माहं काम गेलं. काच लावली तरी गेलंच.”

माझा सगळा आवेश जमिनीवर आला. त्याच रात्री दुसरं पत्रक लिहिलं, एका ओळीचं : ‘दरवर्षी ही भिंत आबाजींना द्या.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी पत्रक वाचलं आणि विचारलं, “मग मी मुलांना पाढे कुठे दाखवू?”

“पोरायच्या डोळ्याच्या उंचीवरी पाढे,” आबाजी म्हणाले. “मीच रंगवून देतो. त्याच्यावरचं आभाळ माहं. स्टेज बांधलं का पाढे झाकूनच जातेत.”

“आणि पाढा चुकला तर?”

“तं छडी मारा, बाई.”

बाई खळखळून हसल्या. फ्लेक्सचा विचार तिथेच संपला.

शनिवारी सगळी शाळा चुन्याच्या बादल्या घेऊन उभी राहिली. पहिला ब्रश आबाजींनी माझ्याच हातात दिला. निळ्या खांबापाशी माझा हात अडला.

“लाव व! जंगल खोळंबून राहिलं.”

मी लावला. आठवडाभरात त्या पांढऱ्यावर खाली पाढे रंगले, वर साग उभे राहिले, मोहाची झाडं आली, एका फांदीआड वाघाचे डोळे चमकले. मंडईच्या रात्री लाइट पडले आणि नायिका यायच्या आधीच जंगलाला शिट्ट्या मिळाल्या. आबाजी विंगेत उभे राहून पोरासारखे लाजत होते.

तुमच्या गावातही मंडईची तयारी सुरू झाली असेल. फ्लेक्सची ऑर्डर द्यायच्या आधी एकदा गावातल्या पेंटरच्या घरी जा, आणि यंदा काय काढायचं ते त्यालाच विचारा.