पाय टेकला की सगळे थांबतात

सायकल चालून राह्यली आणि माणूस जागचा हलत नाई, हे मी पहिल्यांदा माजरीले पाह्यलं, माझ्या सुनेच्या घरी. मोतीबिंदू काढाले मुलानं मले गावाहून आणलं होतं. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं महिनाभरानं व्हायचं, तंवर इथीच राहा म्हणाला. मुलगा कोळशाच्या खाणीत कामाले आहे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, जिथं लोक सोफा ठेवतात, तिथं सुनेनं सायकल ठेवली होती. मागचं चाक काढून ती एका लोखंडी यंत्रात अडकवलेली, समोर टीव्ही. सून पायडल मारे आणि टीव्हीतली एक बाई रस्त्यानं जाये.

मी म्हणलं, "बाई, बाहेर एवढा मोठा रस्ता हाये ना."

"त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक हायेत, मामाजी. मागच्या साली एकानं मले नालीत घातलं. आन् धूळ किती जाते तोंडात, ते तुमी पाह्यलंच."

ते खरं होतं. माजरीत वाळू घातलेलं पांढरं धोतर सांजंपर्यंत करडं होते. पण मनात म्हणलं, ही काई सायकल नव्हे.

कारण सायकल म्हणजे काय ते मले कोणी शिकवाची गरज नाई. मी चौथी शिकलो, त्यातली चौथी अर्धीच. पण तीस-पस्तीस वर्षं सायकलवर मासोळी विकली. आमचं गाव वडशाकडं, तलावाच्या काठी. तलावातली मरळ डब्यात पाणी घालून जिवंत न्यायची, कारण मेलेल्या मरळीले गिऱ्हाईक हात लावत नाई. आमच्या पुऱ्यातले सात-आठ जण मिळून जंगलातल्या रस्त्यानं बाजाराले जाऊ. पुढं मी राहो. दुसऱ्या कोणाले पुढं जाऊ दिलं नाई, आणि दुसऱ्या कोणाले ते जमलंही नसतं.

पुढं राहणं म्हणजे जोरानं पळवणं नाई. मागं पाहाचं नाई, कारण मागं पाह्यलं की चाक खड्ड्यात जाते. कानानं ओळखाचं. मागच्यांच्या डब्यांतलं पाणी डुचमळते, त्याच्या आवाजावर चाल धराची. आवाज वाढला तर मागचे घाईवर आले. आवाज बारीक झाला तर कोणी मागं राह्यलं. आणि एक नियम होता. कोणाचा पाय जमिनीले टेकला की त्याच्याजवळचा हाक दे, "पाय टेकला!" हाकेमागं हाक पुढं ये, आणि सगळे थांबत. काऊन टेकला ते मग विचाराचं. साखळी उतरली असो का लघवी लागली असो. एकट्याले जंगलात सोडून जो पुढं जाये, त्याले दुसऱ्या बाजाराले आम्ही सोबत घेत नसू.

तर हे एवढं माहीत असलेला मी, एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन टीव्हीपुढं बसलो आणि चहा थंड झाला.

टीव्हीत एका घाटात वीस-बावीस माणसं सायकलनं चालली होती. सून कानाले यंत्र लावून त्यांच्यासंग बोलून राह्यली होती. मी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "खरे लोक हायेत, मामाजी. आपापल्या घरी माह्यासारखेच बसले. हे सांगलीचे काका. हे नागपूरची डॉक्टरीन. हा दुबईले हाये, तिथं आत्ता उजाडलं बी नाई."

मी उठून टीव्हीजवळ गेलो. नव्या डोळ्यानं बारीक पाह्यलं. दुबईवाल्याची सावली सांगलीवाल्याच्या सावलीवर पडून राह्यली होती. एक माणूस अंधारात, एक उजेडात, आणि दोघांच्या सावल्या एका रस्त्यावर. मी हात लावून पाह्यला. काच गरम होती.

"बाजूले व्हा ना मामाजी, मले दिसून नाई राह्यलं!"

या मंडळींची कप्तान माझी सून. तिच्या अंगावर टीव्हीत पिवळं जाकीट, बाकी कोणाच्या नाई. माजरीत तिले खाणीतल्या माणसाची बायको म्हणून ओळखतात, नाईतर शाळेतल्या पोराची आई म्हणून. टीव्हीत तिले सगळे कप्तान म्हणत. पण त्या दिवशी घाट संपला तंवर तिच्यामागं नऊच जण उरले. बाकीचे एकेक करून दिसेनासे झाले. दुपारी त्यांच्या क्लबच्या प्रमुखाचा फोन आला. फोन ओट्यावर होता, ती भाकरी थापून राह्यली होती, म्हणून मलेही ऐकू आलं. तिसरा रविवार आहे, अर्धे लोक मधूनच जातात, असं तो म्हणाला. येत्या रविवारीही लोक गळाले आणि वेळेत पोचले नाईत, तर राईड दुसऱ्या कप्तानाले द्यावी लागंन.

तिनं "बरं सर" म्हणलं. मग तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाई.

मी आगाऊपणानं म्हणलं, "चूक तुझीच हाये."

"काऊन?"

"तू पुढून पळतं. नेत नाई. चढ लागल्यावर सांगतं की चढ लागला. तो तर त्याच्या पायालेही समजला. चढ याच्या आधी सांगाचं. किती उरला ते सांगाचं. आन् तू बोलतं कोणासंग? जो तुह्या बाजूले हाये त्याच्यासंग. त्याले काय गरज? मागच्यासंग बोल."

"मागचे दिसत नाईत मले, मामाजी."

"मले तरी कुठी दिसत होते?"

"एक बटन हाये, सगळ्यांले एकत्र बांधून ठेवते. ते लावलं होतं. जोरवाले कुरकुरले, आन् मागचे म्हणे आमाले ओढून नेल्यासारखं वाटते."

"बैलं हायेत का बांधाले?"

तिनं पिठाचा हात कमरेवर ठेवला. "एवढं समजते तर बसा ना मंग तुमीच. मागं राहून दाखवा. घरात बसून सल्ले देणारे आमच्या क्लबात बी लई हायेत."

मले कोणी बस म्हणलं आणि मी बसलो नाई असं झालं नाई. तिचं पहिलं, जुनं यंत्र खाटेखाली होतं. त्यावर मुलाची सायकल चढवली, स्टुलावर मुलाचा लॅपटॉप ठेवला. डोळ्याच्या डॉक्टरले विचारलं तर तो म्हणाला हळू चालवा, वाकू नका. मुलगा म्हणाला, बाबा, या वयात? मी सीट खाली करून घेतली.

रविवारी सकाळी आम्ही सासरा-सून दोन हातांच्या अंतरावर बसलो. माझ्या नावाचा जो माणूस लॅपटॉपात होता, तो पंचविशीतला, दाढीवाला, पायाच्या पिंढऱ्या कातीव. मी म्हणलं, हा कोण? सून म्हणाली, "तुमी." मी पायडल मारली, त्यानं मारली. मी थांबलो, तो थांबला आणि त्यानं एक पाय रस्त्यावर टेकवला. मी पुन्हा मारली. असं चार-पाच वेळा केलं. सून म्हणाली, "झालं का खेळून?"

निघालो. मी सगळ्यांच्या मागं. माझा माईक तिनं बंद ठेवला होता, घरात खोकतो म्हणून. पण कानातून ती ऐकू ये, आणि तिनं या वेळी माझं ऐकलं होतं. "पुढच्या वळणानंतर चढ आहे, दहा मिनिटांचा, आत्तापासून हलकं चालवा," असं ती शुद्ध बोलीत सांगे. कोणाचा तरी माईक चालू राह्यला होता, त्याचा श्वास सगळ्यांच्या कानात ये. मले तो फार आवडला. डब्यातल्या पाण्यासारखा होता.

मग चढ आला आणि माझ्या पायाखालचं यंत्र जड झालं. त्या लोखंडाले कोणी सांगितलं की लॅपटॉपात चढ लागला? मी खाली पाह्यलं, लॅपटॉपात पाह्यलं, पुन्हा खाली पाह्यलं. सत्तर वर्षं ओलांडली, पण असा चढ मी चढलो नव्हतो, जो कुठंच नाई आणि मांडीत पुरा आहे.

अर्ध्या चढावर रस्त्याच्या कडेले एक निळ्या शर्टवाला दिसला. सायकल उभी, पाय जमिनीले टेकलेला. पुढचे सगळे त्याच्या बाजूनं निघून गेले होते. मी पायडल सोडली. माझा दाढीवाला दोन-चार हात पुढं जाऊन थांबला आणि त्यानंही पाय टेकवला. माझा माईक बंद होता, पण गळा चालू होता. मी जंगलात द्यायचो तशी हाक दिली.

"पाय टेकलाऽऽ! मागं पाय टेकलाऽऽ!"

ती सुनेच्या माईकमधून सगळ्यांच्या कानात गेली. श्वासवाला दचकला, त्याचा श्वासच थांबला. सुनेनं माईक मुठीत धरला.

"मामाजी! चालवा! आज नाई!"

"तो उभा हाये."

"असू द्या! कोणी पाणी प्याले थांबते. आज वेळेत नाई पोचलो तर राईड जाते माही. ठाऊक हाये ना तुमाले?"

"ठाऊक हाये."

"मंग?"

"मी एकट्याले सोडून जात नाई. तुले जायचं तर जाय."

ती माझ्याकडं पाहून राह्यली. पाय फिरतच होते तिचे, घाम नाकावरून गळून राह्यला होता. मले वाटलं आता ही मले घरातून काढते. राईड गेली तर ती माझ्यापायी जाणार होती. पण मी पायडल मारली नाई. एकदा थांबलो म्हणजे थांबलो.

तिनं माईकवरची मूठ सोडली. म्हणाली, "मागे दोघं थांबलेत. मी वळतेय. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी जा, काही हरकत नाही."

आणि मग मी जे पाह्यलं ते मले नीट लिहिता येत नाई.

घाटाच्या वरच्या वळणावर पहिल्यांदा पिवळं जाकीट आलं. ते खाली, माझ्याकडं येऊन राह्यलं होतं. त्याच्यामागं एक आला. मग दोन. मग वळणाआडून निघतच राह्यले, लाल, हिरवे, पांढरे, चढलेला चढ टाकून देऊन खाली येणारे. दुबईच्या अंधारात एका माणसानं आपला रस्ता फिरवला होता. नागपुरात एका डॉक्टरणीनं फिरवला होता. आमची ती हाक आमच्या जंगलाच्या बाहेर कधी गेली नव्हती. आठ माणसांच्या वर कोणी ती ऐकली नव्हती. ज्यांनी दिली ते साथीदार बहुतेक राह्यले नाईत. आणि इथं जे लोक मले ओळखत नाईत, ज्यांचे चेहरे मी पाह्यले नाईत, ते त्या हाकेपायी उतरून येऊन राह्यले होते. सगळे येऊन माझ्या आणि निळ्या शर्टाभोवती उभे झाले आणि एकेकानं पाय टेकवला. मी मोजले. चार जण पुढं गेले होते. बाकी सगळे तिथं होते.

निळा शर्ट मात्र काईच बोले ना. सून विचारे, "काका, बरे आहात ना? काका?" दोन मिनिटं गेली असतील. मग खुडबुड झाली आणि आवाज आला.

"अहो, हे काय? तुम्ही सगळे इथे काय करताय?"

"तुमच्यासाठी थांबलो, काका. काय झालं?"

"मी दूध घ्यायला गेलो होतो!"

आधी कोणी हसलं नाई. मग श्वासवाला हसला आणि त्यानंतर कोणाचाच धीर राह्यला नाई. सुनेनं हँडलवर डोकं टेकलं, मले वाटलं रडते, तर तिची पाठ हसण्यानं हलून राह्यली होती. मी म्हणलं, दुधासाठी का होईना, पाय टेकला होता.

निळा शर्ट म्हणजे ते सांगलीचे काका. ते पुढं म्हणाले, "तसं नाही. घंटी वाजली, उतरलो. दूध तापत ठेवलं. म्हटलं आता कशाला बसायचं, ग्रुप तर गेला, दर रविवारी जातोच. मशीन बंद करायला आलो, तर पडद्यावर सगळी जत्रा माझ्याभोवती." मग म्हणाले, "थांबा, गॅस बंद करून येतो."

ते गॅस बंद करून आले तंवर आम्ही थांबलो. मग निघालो. चढाच्या माथ्यावर मले धाप लागली, तर श्वासवाला आपणहून मागं आला आणि माझ्या बाजूनं चालला. पोचलो तेव्हा ठरल्या वेळेवर वीसेक मिनिटं होऊन गेली होती.

फोन दुपारी आला. सुनेनं या वेळी स्वतःच तो मोठ्या आवाजावर ठेवला आणि माझ्यासमोर ठेवला, म्हणजे मलेही ऐकाले लागंन.

प्रमुख म्हणाला, चौघांची तक्रार आहे, राईड उशिरा संपली. सून म्हणाली, "हो सर. मीच वळवली." मग तो म्हणाला, मधून किती जण सोडून गेले? ती म्हणाली, "कोणीच नाही. चौघं पुढे गेले. बाकी सगळे शेवटपर्यंत होते."

मग तो म्हणाला की त्या चौघांची जोराची राईड दुसरा कप्तान घेईन. ही राईड तिच्याकडंच राहीन. फक्त वेळ अर्धा तास जास्त लिहा. आणि ते ओरडलं कोण होतं?

"माझे सासरे, सर."

"पुढच्या रविवारी आहेत का ते?"

सुनेनं माझ्याकडं पाह्यलं. मी छताकडं पाह्यलं.

"आहेत म्हणा," तो म्हणाला, "पण त्यांना सांगा, माईक चालू करून हळू बोलायचं. माझ्या बायकोच्या हातातला कप पडला."

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "ऐकलं ना मामाजी? हळू."

मी म्हणलं, "हळू दिलेली हाक पुढं पोचत नाई."