गाडी हाय, माणूस नाय

त्या घटनेला काही वर्षं झाली, तरी कोरड्या काचेवर वायपर फिरताना दिसला की आजही माझं बोलणं मध्येच थांबतं.

मी तेव्हा बोईसर-तारापूर भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हाती दिला. पलीकडे चिंचणीची एक बाई होती. ती ओहोटीला खडकांवरची कालवं फोडायला जायची.

"साहेब, पाण्याच्या कडेला मोठी काळी गाडी हाय. चालू हाय. पर आत माणूस नाय."

"नीट बघितलं का?"

"पट्टा बांधलेला हाय वो! माणूस नाय."

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. लांबूनच ती उंच, महागडी गाडी दिसली. चाकं अर्धी रुतलेली, लख्ख उन्हात दिवे लागलेले, वायपर फिरत होते. रिकाम्या सीटवर पट्टा घट्ट बसलेला. शेजारच्या सीटवर मोबाइल वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. पडद्यावर 'घर' असं नाव. भोवती एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"नेला याला," हवालदार पुटपुटला.

"कोणी?"

त्याने समुद्राकडे पाहून हात जोडले.

पट्ट्याचं कोडं सोपं होतं. पट्टा न लावल्याची शिट्टी गाडीत वाजू नये म्हणून कित्येक लोक तो पाठीमागून अडकवूनच बसतात. पावलंही त्या गाळात क्षणात भरून येतात. हे सगळं कळत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या सीटकडे पाहत होतो. भरती सुरू झाली होती. माणूस जिवंत असेल तर दोन तासांच्या आत सापडायला हवा होता.

नंबरवरून कळलं, गाडी बोईसरच्या एका कारखानदाराची. मी मागे फिरून कोरडी वाळू पाहिली. तिथे चाकांच्या दोन खुणा होत्या. एक खोल, ती या गाडीची. दुसरी पसरट आणि उथळ, आत जाऊन परत आलेली. वाळूत रुतू नये म्हणून आधीच टायरमधली हवा कमी करणारा चिंचणीत एकच जण होता, जुन्या जीपमधून मासळी वाहणारा. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात पायपंपाने हवाच भरत होता.

"सकाळी किनाऱ्यावर होतास?"

"नाय साहेब. आमी घरातच."

माझं डोकं फिरलं. मी बॉनेटवर थाप मारली. "मग हवा काय कोंबड्यांसाठी भरतोयस?"

तो जीपकडे पाहत राहिला. माझं लहानपण मनोरच्या बाजारात आईबरोबर भाजी विकण्यात गेलं. पुढे शिपाई म्हणून भरती झालो. समोरच्याला नेमकं काय गमवायचं नाही, हे ओळखायला मी बाजारातच शिकलो. मी विचारलं, "जीपचे कागद संपलेत ना?"

त्याने मान हलवली.

"ही जीप मी पाहिलीच नाही. शब्द देतो. आता माणूस दे."

मग तो बोलला. कारखानदार गाडीचा जोर बघायला एकटाच वाळूत उतरला होता. "मी दोर घेऊन गेलो. बोलला, रंगाला ओरखडा पडंल, दोर लावू नको. वाळूचं बटण दाबलंय, निघंल. म्या बोललो, बटण दाबून दर्या ऐकतो व्हय? तर माझ्याच अंगावर आला. मग मी निघून आलो."

"आणि तो?"

"उतरून तिवरांच्या झाडीकडं चालत गेला. हिरवं दिसलं का जमीन वाटते यांना. मी हाका मारल्या."

त्याच जीपमधून, खडकाच्या कडेने लांबचा वळसा घेत आम्ही गेलो. आमची नवी गाडी रस्त्यावरच उभी राहिली. कारखानदार तिवरांत कमरेपर्यंत गाळात रुतला होता आणि पाणी छातीला लागलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता हसत होता. त्याला दोराने ओढून काढलं. मागे वळून पाहिलं तर गाडीचं फक्त छत दिसत होतं. पाण्याखाली तिचे दिवे अजून लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जीपचा फोटो आला. वरून आदेश आला: मुदत संपलेलं वाहन जप्त करा. मी साहेबांशी भांडलो आणि मेमो घेऊन बाहेर आलो. जीप भंगारात गेली. वाचलेल्या गृहस्थाने जीपवाल्यासाठी एक शब्दही टाकला नाही. हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. पण चूक माझीही होती. जो शब्द पाळणं सर्वस्वी माझ्या हातात नव्हतं, तो मी दिला होता. खबर देणारा कायदा वाचून येत नाही. तो आपला शब्द ऐकून येतो.

पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरी मोठी गाडी रुतली. आम्हाला कळलं तेव्हा दोन भरत्या होऊन गेल्या होत्या. गाडीतल्या दोघांना तिवरांतून काढलं, पण पंचनाम्यासाठी. मी गावात फिरलो. जीपवाल्याने दारातूनच सांगितलं, "आमी नाय पायलं."

शेवटी मी कालवंवाल्या बाईकडे गेलो. "तू तर रोज जातेस तिकडे. फोन का नाही केलास?"

"फोन बिघडला हाय, साहेब."

तिच्या कमरेला खोचलेला फोन तेवढ्यात वाजू लागला. तिने तो बंद केला नाही आणि माझ्यावरची नजरही हटवली नाही.