स्टोअरवाले चाचा आणि त्यांची अक्षरं

सौदीतल्या हाइलच्या आसपास असा एकही दगड नसेल, ज्याच्याशी आमचे स्टोअरवाले चाचा बोलले नसतील. माणूस मूळचा दापोलीकडचा. गव्हाच्या शेतांना पाणी देणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग सांभाळत आमच्या कंपनीत चोवीस वर्षं काढलेला. पण जीव सगळा खडकांवरच्या जुन्या अक्षरांत. शुक्रवारची नमाज झाली की मला पिकअपमध्ये कोंबायचे आणि उन्हातान्हात एखाद्या डोंगरापाशी नेऊन उभं करायचे. कोलंबीभाताचा डबा उघडायच्या आधी व्याख्यान. उत्तरेकडून व्यापारी आले, तैम्याला तर बाबिलोनचा राजाच येऊन राहिला, त्यांच्याबरोबर आरामी अक्षरं आली आणि वळणं घेत घेत त्यांचीच पुढे अरबी झाली, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. "लिपी परका माणूस आणतो," ते बजावायचे. "त्याला एकट्याला करमत नाय, म्हणून तो लिहीत बसतो."

हे चाचांनाही लागू होतंच. गोदामातल्या प्रत्येक खणावर त्यांनी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'मोठे वॉशर', 'गळका पंप, देऊ नये', आणि एका खणावर नुसतंच 'बघू'. ऑफिसातले म्हणायचे, हा नोकरी टिकवायचा कावा आहे. तसं काही नव्हतं. चाचांना सुचायचंच मराठीत, आणि दहा वेळा बजावूनही त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

मग सौदीकरण आलं आणि चाचांच्या जागेवर एका सौदी गृहस्थाची नेमणूक झाली. महिन्याभरात सगळं त्यांच्या हाती सोपवून चाचांनी देश सोडायचा होता. मीच त्यांना कानमंत्र दिला: चिठ्ठ्यांचा अर्थ सांगू नका, नव्या साहेबांना एक बोल्ट सापडणार नाही, झक मारत तुम्हाला ठेवून घेतील. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गोदामात गेलो, तर नवे साहेब मांडी घालून बसलेले आणि चाचा त्यांना रिकाम्या खोक्यावर 'क' गिरवायला लावताहेत. ही अक्षरं कुठली, असं साहेबांनी आल्या आल्या विचारलं होतं म्हणे, आणि तेवढ्यावर चाचा विरघळले होते. चिठ्ठ्या अरबीत करून देणं आठवड्याभराचं काम, पण ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. महिना संपता संपता साहेब अडखळत का होईना, 'गळका पंप' वाचू लागले.

जायच्या दिवशी साहेबांनी स्वतःची गाडी काढली. विमानतळावर चाचांची बॅगही त्यांनी मला उचलू दिली नाही. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जमा करून आलेले चाचा चक्क खुशीत होते. मला राहवेना. म्हटलं, गप्प बसला असता तर आज जावं लागलं नसतं.

"अरे बाबा," ते म्हणाले, "चोवीस वर्षांत माझं लिहिलेलं कोणी वाचायला मागितलं नाय. यानं मागितलं."

मला ती अक्षरं आईच्या पोटातूनच येत होती, आणि त्यांच्याबरोबर काढलेल्या नऊ वर्षांत मी त्या चिठ्ठ्यांना हसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. चाचा आत गेले, तेव्हा माझ्याआधी साहेबांचे डोळे भरून आले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.