भिंतीवर मामीला जागा

मामाकडे जेवायला बसलं की चारी भिंतींवरून माणसं आ वासून आपल्याकडे बघायची. सगळे ऑपेराचे गायक आणि गायिका. फोटोत वरचा सूर लागलेला, खाली शाईची ऐटबाज सही. "एवढी उपाशी माणसं बघत असताना घास उतरतो कसा तुम्हाला?" मामी म्हणायची. मामा पुढचा घास घ्यायचा. दोघंही आता नाहीत, आणि तसं जेवणही मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

मामा ऑपेराच्या थिएटरात टोप करायचा. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकड्याने एकेक केस तिच्यात गाठवायचा. तो टोप घालून गायिका टाळ्या घ्यायची, आणि प्रयोगानंतर मामा मागच्या दाराशी चाहत्यांच्या रांगेत फोटो आणि पेन घेऊन उभा! आतल्या माणसाने खुशाल आत सही मागावी की नाही? पण नाही. "आत मी कामगार. सही मागायची तर बाहेर येऊन मागायची," हा त्याचा खाक्या. दुसरा नियम याहून कडक. फोटोत डोक्यावर टोप त्याचाच हवा. पाहुण्यांना फोटो दाखवताना तो गायिकेचं नाव विसरायचा, पण "या बटा बघा, किती वेळा उसवल्या मी," हे हमखास सांगायचा.

या नियमात मामी अडकली होती. ती त्याच थिएटरात कोरसमध्ये, म्हणजे मागच्या घोळक्यात गायची. कधी गावकरीण, कधी धोबीण, कधी नुसतीच गर्दी. गर्दीला टोप कोण देतो? डोक्याला रुमाल बांधला की झालं. आणि कोरसवाल्यांची सही तरी कोण मागतो? ती दारातून बाहेर आली की चाहते तिला बाजूला सरायला सांगायचे, मागून कोणी मोठं येतंय का ते दिसावं म्हणून.

तिला ते फार लागायचं. "माझ्या घरात मी सोडून सगळ्यांना जागा आहे," असं ती हसत म्हणायची, पण ताट जरा जोरातच ठेवायची. एकदा मी मामाला तोंडावर विचारलं, "मामीचा एक फोटो लावलास तर भिंत पडेल का?"

"टोप कुठेय तिच्या डोक्यावर?" तो म्हणाला. असा संताप आला मला! एवढा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामीच्या फणीतले केससुद्धा तो सोडायचा नाही. धुऊन, गुंडाळून डब्यात ठेवायचा. "चढवा कुणाच्या तरी डोक्यावर," मामी करवादायची. आम्हालाही तो चिकटपणाच वाटायचा.

मग मामीच्या निवृत्तीचा प्रयोग आला. आजारपणात तिचे केस पार गेले होते. उरली होती उंदराच्या शेपटीएवढी वेणी. रंगीत तालमीच्या दिवशी मामा एक गंगावन घेऊन तिच्यामागे उभा राहिला. जाडजूड, काळंभोर, मधूनच रुपेरी. फणीतले केस उलटसुलट असतात. त्यांची मुळं एका बाजूला लावायची म्हणजे डोळे फुटायची वेळ.

मामीने ते हातात घेतलं. "हे माझे आहेत."

"मग काय दुसऱ्या कुणाचे लावू तुला?" म्हणत त्याने ते स्वतः बसवलं आणि रुमालाखालून वेणी पुढे सोडली. थिएटरच्या फोटोग्राफरला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटचा प्रयोग संपला. मी मामीला न्यायला गेले होते. पिशवी सांभाळत ती सवयीने कडेकडेने निघाली, तर रांगेत मामा. कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात फोटो आणि पेन.

"बाई, सही द्याल?"

"घरी मागायची की," मामी कशीबशी म्हणाली.

"घरी तू बायको."

मामीने आयुष्यात अशी सही केलेली नव्हती. तिने बँकेत करतात तशी केली, पूर्ण नाव, आडनाव, खाली तारीख. मामाने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात मागच्या माणसाला वाटलं ही कोणीतरी मोठी असणार, आणि त्यानेही आपला कागद पुढे केला. मामीने पिशवी माझ्याकडे दिली आणि त्यालाही सही दिली.