तोवाताईंचं गाणं कुणाकडे गेलं

उराहामाच्या किनाऱ्यावर माकुल, ती दहा हातांची मऊ मासळी, वाळवणारे आम्ही सगळे वाऱ्याकडे पाठ करून काम करतो. तोवाताई तेवढ्या वाऱ्याकडे तोंड करून. माकुल चिरायचं, धुवायचं, पंख ताणून दोरीला टांगायचं, सगळं त्या बोचऱ्या वाऱ्यात डोळे किलकिले करून. माझ्या दोऱ्या त्यांच्या दोऱ्यांना लागून. एकदा मी म्हणालो, "ताई, गालांची सालं निघतील. वळा की इकडे."

"वारा छातीतला श्वास पळवायला बघतो," त्या म्हणाल्या. "तो धरून ठेवायची सवय लागते. गाण्याला कामी येते."

त्यांचं गाणं साऱ्या बंदराला ठाऊक. नोबुएच्या चहाच्या दुकानात दर मंगळवारी दुपारी कराओके असतं. म्हातारेकोतारे, लिलावाच्या शेडमधल्या बायका, किनाऱ्याला लागलेले खलाशी, सगळे तिथं जमतात. तिथला रिवाज कुणी भिंतीवर लिहून ठेवलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं असतं. ज्याचं गाणं त्यानंच गायचं. तो गेला की गाणंही मिटतं. हयातीत त्यानं आपल्या हातानं माईक दुसऱ्याला दिला, तरच ते पुढं जातं, आणि मग देणाऱ्यानं पुन्हा ते गायचं नसतं.

गोरो नावाचा आमचा एक कप्तान आहे, मान रेड्यासारखी. तो वर्षानुवर्षं एका टाकलेल्या बाईचं गाणं गातो, माझ्या ओठांचा रंग तू बाहीला पुसून गेलास, असं काहीसं. कुणी हसत नाही. पुरुषानं बाई होऊन रडगाणं गावं, यात आम्हाला कधी नवल वाटलेलं नाही.

तोवाताईंचं गाणं स्टेशनावरचं. बर्फ वितळायला लागलाय. एक बाई फडक्यात गुंडाळलेला ऊन ऊन भाताचा डबा घेऊन फलाटावर उभी आहे. गाडी येते, दारं उघडतात, मिटतात, गाडी जाते. मग ती बाकावर बसते आणि दोघांचा भात एकटीच खाते. बस, एवढंच गाणं.

गाण्यात कुणाचं नाव नाही. पण ते गाणं हारुझोचं आहे, हे न सांगता सगळ्यांना कळायचं. तरुणपणी हारुझो हिवाळ्यात मजुरीला टोकियोकडे गेला होता. तेव्हा इथले निम्मे पुरुष जायचे. बर्फ वितळला की येतो, असं तो तोवाताईंना सांगून गेला. आला तो कितीतरी वर्षांनी, बायकोला घेऊन. तोवाताई त्याच्या दारात गेल्या त्या चांगल्यातलं चांगलं सुकं माकुल घेऊन. नव्या नवरीला, सायोला, म्हणाल्या, "या घराला वारा उत्तरेकडून लागतो. त्या बाजूची खिडकी उघडू नकोस बाई." पुढं त्यांनी लग्न केलं नाही. भावाची पोरगी मिचिरु, तिला वाढवलं.

कराओकेचं यंत्र आलं आणि तोवाताईंनी ते स्टेशनाचं गाणं उचललं, तेव्हा सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या सायोनं. कुणीतरी तिला डिवचलं, "तुला काही वाटत नाही का गं?"

"वाटतं ना," सायो म्हणाली. "नवरा आला माझ्या वाट्याला आणि गाणं गेलं तिच्या. मला तर त्याच्यावर रागावून गायला दोन ओळीसुद्धा नाहीत."

सायो जाऊनही आता बराच काळ झाला. हारुझो तेवढा यायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, संत्री सोलायचा, गायचा मात्र कधीच नाही.

तोवाताई गायच्या कशा, ते सांगायला मला शब्द पुरत नाहीत. हात पोटाशी जुळवलेले, नजर दाराच्या वरच्या चौकटीवर. आवाज मोठा नव्हता. पण भात खाण्याच्या ओळीशी त्या क्षणभर थांबत, घास गिळल्यागत, आणि साऱ्या दुकानात रुमाल निघायचे. त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत.

एकदा पोस्टात बदलून आलेल्या एका बाईनं, बिचारीला रिवाज काय ठाऊक, नेमकं तेच गाणं लावलं. आम्ही सगळे आपापल्या कपात बघत बसलो. तिनं दुसऱ्या कडव्यातच हुंदका काढला. गाणं संपल्यावर टाळ्या वाजल्या फक्त तोवाताईंच्या. "आवाज गोड आहे तुझा," त्या तिला म्हणाल्या. "पण रडायचं काम ऐकणाऱ्यांचं. तूच रडून मोकळी झालीस, तर आम्ही काय करायचं?" मग जवळ बसवून तिला दुसरं एक गाणं शोधून दिलं. ती बाई आजही तेच गाते.

गेल्या शरद ऋतूत तोवाताईंच्या गळ्यात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कापून काढू, जिवाला धोका नाही, पण आवाज राहील असं समजू नका. त्या दिवशी दोरीपाशी त्या नेहमीसारख्याच वाऱ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "गळ्याचं काही नाही रे. गाणं मिटायला नको. ते जायला हवं कुणाकडे तरी."

बंदरात दुसरा विषय उरला नाही. मिचिरुलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. ती गायची सुरेख, जिल्ह्याच्या स्पर्धेत कप मिळवलेला. गाडी चालवताना ती ते स्टेशनाचं गाणं घोकते, हेही लोकांना ठाऊक होतं. गोरो म्हणायचा, "भाचीनं आत्ताच शिवलाय त्या गाण्यासाठी किमोनो."

शस्त्रक्रियेआधीच्या मंगळवारी दुकानात बसायला जागा नव्हती. तोवाताई शेवटचं गायल्या. नेहमीसारखंच, काही जास्त नाही, काही कमी नाही. संपल्यावर माईक रुमालानं पुसला. मिचिरु अर्धी उठली होती. तिच्यासमोरून त्या तशाच पुढं गेल्या आणि माईक धरला हारुझोपुढं.

हारुझोच्या हातातलं संत्रं खाली पडलं. "तोवा, थट्टा करू नकोस. मला सूर नाही."

"सूर मी मागितलाय का?"

"बाईचं गाणं आहे ते."

"गोरोला विचार, तो कसं करतो."

"मला मधे ओढू नका," गोरो म्हणाला.

मिचिरुचा चेहरा लाल झाला होता. "आत्या, मी इतकी वर्षं—"

"तू चांगलं गातेस, बाळ," तोवाताई म्हणाल्या. "तुला गाणी पुष्कळ मिळतील. ह्याच्याकडे एकही नाही. आणि फलाटावर काय झालं, ते ह्यानं अजून पाहिलेलंच नाही."

हारुझोनं माईक घेतला.

नोबुएनं यंत्र पुरुषाच्या पट्टीवर आणलं, तरी त्याचा आवाज बोटीचं जुनं इंजिन सुरू करावं तसा निघत होता. पडद्यावर ओळी रंगत पुढं जायच्या, हा मागून. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात गाडी आली, दारं उघडली, आणि तो थांबला. खांदे हलायला लागले. नुसतं संगीत वाजत राहिलं. ओळी एकामागून एक रंगल्या आणि पुसल्या गेल्या. कुणी त्याच्या मदतीला गायलं नाही, गाता येतच नव्हतं. तोवाताईंनाही नाही. आता ते गाणं त्याचं होतं.

गाठ निघाली, आवाजही गेला. राहिली ती नुसती फुंकरीसारखी कुजबुज. हिवाळाभर त्या दर मंगळवारी येऊन खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसायच्या. हारुझो उभा राहायचा आणि दर वेळी दारं उघडली की मोडायचा. त्याला जवळ बोलावून त्या कुजबुजायच्या, "पुन्हा दुसऱ्यातच रडलास. पुढच्या मंगळवारी बघू." मिचिरुनं काही आठवडे तोंड फिरवलं. मग एके दिवशी तीच हारुझोला दुकानामागं नेऊन श्वास कुठं घ्यायचा ते शिकवताना दिसली. किनाऱ्यावर मात्र तो आमच्यासारखा उभा राहिला नाही. माझ्या दोऱ्यांपलीकडे, तोवाताईंच्या शेजारी, माकुल टांगायला लागला. वाऱ्याकडे तोंड करून.

बर्फ वितळायला लागला, तेव्हाचा एक मंगळवार. छपरावरून पाणी ठिबकत होतं. हारुझो उठला. हात पोटाशी जुळवले, नजर चौकटीवर. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गाडी गेली. तो बाकावर बसला. दोघांचा भात एकट्यानं खाल्ला. मधे क्षणभर थांबला, घास गिळल्यागत. त्याचे डोळे कोरडे होते.

आम्ही टाळ्या वाजवायच्या आधी खिडकीकडे बघितलं. तोवाताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच, चुका काढायला नव्हे, नुसत्या ऐकायला बसल्या होत्या.